मागच्या सीटवरचं बक्कल

(नारायण पेठेतील वार्षिक स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा छापील पाठ)



ज्या बाईंच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी याच नारायण पेठेत वर्षानुवर्षं बालवर्ग घेतला. इथे बसलेल्या अनेकांनी त्या वर्गातल्या लाकडी चौकटी हाताळल्या असतील. एका चौकटीवर कापडाचे दोन पदर आणि मधे गुंड्या, दुसरीवर हूक, तिसरीवर नाडी आणि एकीवर चामड्याचे पट्टे नि बक्कलं. कल्पना मारिया माँटेसरींची. त्या स्वतः १९३९ साली भारतात आल्या, पण त्याच्या कितीतरी आधी गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी भावनगरला ही पद्धत राबवायला सुरुवात केली होती. पुढे ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी ती बोर्डी-कोसबाडच्या पाड्यांपर्यंत नेली. चौकटीवरचं बक्कल मुलानं उघडायचं, लावायचं, पुन्हा उघडायचं. कोणी मदत करायची नाही, कोणी घाई करायची नाही.

आजच्या विषयाची सुरुवात त्या चौकटीपाशीच होते. अडीच-तीन वर्षांचं मूल गाडीत बसल्या बसल्या आपल्या पट्ट्याचं बक्कल दाबून उघडतं आणि "आई, मी काढलं!" असं आनंदानं सांगतं, तेव्हा ते व्रात्यपणा करत नसतं. शिकलेली गोष्ट करून दाखवत असतं. त्यानं डब्याचं झाकण उघडलं तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या, सँडलचा पट्टा सोडला तेव्हा फोनवर आत्याला सांगितलं. गाडीतलं बक्कल उघडलं की मात्र आपण ओरडतो. हा फरक त्याला आपोआप कळायचं काही कारण नाही. तो मोठ्यांनी शिकवावा लागतो. आणि माझं म्हणणं असं आहे, की बऱ्याच घरांत मोठी माणसं त्याच्या नेमकं उलट शिकवत असतात.

माझं कामाचं आयुष्य गाडीच्या आतल्या सुरक्षेत गेलं. सीट, पट्टे, बक्कलं, त्यांच्या चाचण्या. पुणं या कामाचं गाव आहे. वेताळ टेकडीवर वाहनांच्या चाचण्या घेणारी एआरएआय ही संस्था आहे, भोसरीला केंद्रीय रस्ते परिवहन संस्था आहे, चाकण-पिंपरीला कारखाने आहेत. ऑगस्ट २०२३ मध्ये भारत एनसीएपी ही गाड्यांना सुरक्षेचे तारे देणारी योजना जाहीर झाली आणि त्याच वर्षीच्या १ ऑक्टोबरपासून लागू झाली. आता शोरूममध्ये गेलेला माणूस तारे विचारतो, ही चांगलीच गोष्ट आहे. त्या चाचणीत मागच्या सीटवर दोन बाहुल्या बसवतात. एक दीड वर्षाच्या मुलाएवढी, दुसरी तीन वर्षांच्या मुलाएवढी. दोघींना योग्य कारसीटमध्ये, पट्टे ओढून घट्ट बसवलेलं असतं. मुलांच्या सुरक्षेचे तारे बरेचसे त्यांच्या अंगावरच्या मापकांनी काय नोंदवलं त्यावर ठरतात. पण या बाहुल्या बक्कल काढत नाहीत. त्या कंटाळत नाहीत, त्यांना घाम येत नाही, त्यांना खिडकीतून म्हैस बघायची नसते. तुमचं मूल त्या सीटवर ज्या क्षणी पट्टा सोडून उभं राहतं, त्या क्षणी त्याच्यापुरते ते पाच तारे संपले.

काय होतं ते आकड्यांत सांगते. ताशी ५० किलोमीटर हा वेग आपल्याला काहीच वाटत नाही. या वेगानं जाणारी गाडी समोर आदळून थांबली आणि आतला माणूस बांधलेला नसेल, तर तो समोरच्या सीटवर ज्या वेगानं आपटतो, तो सुमारे दहा मीटर उंचीवरून पडल्यावर जमिनीवर आपटण्याचा वेग असतो. म्हणजे आपल्या पेठेतल्या जुन्या वाड्याच्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून खाली पडण्यासारखं. त्या गॅलरीला कठडा नसता तर आपण दोन वर्षांच्या मुलाला तिथे दोन मिनिटं तरी सोडलं असतं का? मांडीवर घेतलंय ना, घट्ट धरलंय ना, हे म्हणणंही तिथे टिकत नाही. दहा किलोचं मूल अशा धडकेत दीड-दोनशे किलोंच्या ओढीनं पुढे जातं. जगातल्या कुठल्याच आईचे हात ते धरू शकत नाहीत. त्यात प्रेम कमी पडतं असं नाही, हाडं आणि स्नायू कमी पडतात. आणि त्या आईनं स्वतः पट्टा लावलेला नसेल तर मूल तिच्या आणि पुढच्या सीटच्या मधे सापडतं.

मी हे बक्कल मुद्दाम सोबत आणलं आहे. लहान मुलांच्या कारसीटचं, पाच पट्ट्यांचं. दोन खांद्यांवरून, दोन कमरेवरून आणि एक पायांमधून येतो, आणि सगळे इथे पोटाखाली एकत्र होतात. दोन्ही बाजूंच्या धातूच्या पट्ट्या आधी एकमेकींत बसवाव्या लागतात. एकटी पट्टी आत घातली तर ती अडकतच नाही, कारण अर्धवट लागलेला पट्टा न लागलेल्या पट्ट्यापेक्षा घातक. बसवलेला आहे असा भास होतो. मधलं बटण लाल आहे, आणि नियमानं बक्कलाचा दुसरा कोणताही भाग लाल असता कामा नये. हे बटण दाबायला लागणारा जोर किती असावा हेही युरोपीय नियमांत ठरलेलं आहे. ४० ते ८० न्यूटन, म्हणजे ढोबळमानानं चार ते आठ किलो वजनाचा दाब. आमच्या क्षेत्रात या आकड्यावर खूप डोकं चाललं आहे. कारण नातवाच्या अंगठ्याला ते जमू नये आणि संधिवात असलेल्या आजीच्या अंगठ्याला मात्र जमावं, अशी दोन्ही बाजूंची मागणी आहे. दोन्ही पूर्णपणे साधत नाहीत. अडीच वर्षांचं चपळ मूल दोन्ही अंगठे एकावर एक ठेवून दाबतं आणि बटण जातं.

ही काही आपल्याकडचीच गोष्ट नाही. अमेरिकेत येल विद्यापीठाच्या डॉक्टरांनी २०११ मध्ये पालकांना याबद्दल विचारलं, तेव्हा जवळजवळ निम्म्या घरांनी आपल्या मुलानं कधी ना कधी स्वतःचा पट्टा सोडल्याचं सांगितलं. त्यांतली बहुतेक मुलं तीन वर्षांची किंवा त्याहून लहान होती, आणि अनेकांनी हा पराक्रम गाडी चालू असताना केला होता. तेव्हा ज्या आईला वाटतं की आपलंच कार्टं असं आहे, तिनं ती टोचणी मनातून काढून टाकावी.

मग मूल पट्टा का काढतं? हा प्रश्न आपण विचारतच नाही, आपण थेट कसं थांबवायचं ते विचारतो. मला वर्षानुवर्षं पालकांशी बोलून जी कारणं दिसली, त्यांतली अर्धी कारणं मुलाच्या स्वभावात नसून पट्ट्यातच असतात.

पुण्यातला एप्रिल-मे घ्या. गाडी नदीपात्रात उन्हात उभी केलेली. दुपारी दार उघडून मुलाला बसवलं आणि त्या धातूच्या पट्ट्या उघड्या मांडीला लागल्या, तर चटका बसतो. मूल रडतं, आपण म्हणतो नाटकं करतंय. त्यावर उपाय इतका सोपा आहे की सांगायलाही संकोच वाटावा. गाडी लावून जाताना सीटवर पांढरा पंचा टाकून ठेवायचा, बक्कल त्याच्याखाली झाकायचं आणि बसवण्याआधी स्वतःच्या मनगटाला लावून बघायचं. डिसेंबरात उलटं होतं. महाबळेश्वरला निघताना मुलाला जाड स्वेटर, वरून जर्किन, आणि त्यावर पट्टा. आत गरम होतं, पट्टा मात्र ढिला राहतो, कारण दाबला गेलेला कापूस आणि लोकर पट्ट्याची जागा खाते. मूल हळूच एक हात बाहेर काढतं, मग दुसरा. आपल्याला वाटतं त्यानं पट्टा सोडवला. खरं तर तो बांधलाच गेला नव्हता. जर्किन काढायचं, पट्टा घट्ट करायचा आणि वरून शाल पांघरायची. घट्ट म्हणजे किती? खांद्यावरची पट्टी दोन बोटांच्या चिमटीत पकडून बघा. चिमटीत घडी आली तर ढिली आहे. हात बाहेर काढणाऱ्या मुलांपैकी बरीचशी केवळ एवढ्यानं थांबतात. खांद्याच्या पट्ट्यांची उंचीही बघावी लागते. मागे तोंड करून बसणाऱ्या बाळाला त्या खांद्याच्या पातळीवर किंवा किंचित खालून याव्यात, पुढे तोंड करून बसणाऱ्याला खांद्याच्या पातळीवर किंवा किंचित वरून. मूल चार महिन्यांत दोन बोटं वाढतं, पट्टे मात्र दुकानदारानं लावून दिले तिथेच राहतात.

त्याहून मोठ्या मुलांचं, म्हणजे पाच-सहा-सात वर्षांच्यांचं, दुखणं निराळं. त्यांची कारसीट आपण काढून टाकलेली असते. 'मोठा झाला आता' असं म्हणून त्यांना थेट गाडीचा पट्टा लावतो. हा तीन ठिकाणी धरणारा पट्टा १९५९ साली व्होल्वोचे अभियंता निल्स बोलिन यांनी सिद्ध केला आणि कंपनीनं त्याचं पेटंट सगळ्यांसाठी खुलं ठेवलं. त्यानं जगात जितके जीव वाचवले तितके क्वचितच दुसऱ्या कुठल्या वस्तूनं वाचवले असतील. पण तो मोठ्या माणसाच्या शरीरासाठी आहे. सहा वर्षांच्या मुलाला त्याची वरची पट्टी मानेला घासते आणि खालची पट्टी कमरेच्या हाडावर न बसता पोटावर चढते. मानेला काचतं म्हणून मूल वरची पट्टी काखेखाली घेतं किंवा पाठीमागे टाकतं. आपण त्याला दटावतो. पण पट्टा खरंच काचत असतो. त्या मुलाला बूस्टर लागतो, म्हणजे त्याला उंच बसवणारी साधी बैठक, की पट्टा खांद्याच्या मधोमध आणि मांड्यांच्या वर येईल. ब्रिटनमध्ये १३५ सेंटिमीटर उंची किंवा बारा वर्षं होईपर्यंत मूल योग्य आसनातच बसवण्याचा नियम आहे, जर्मनीत तर १५० सेंटिमीटर. बूस्टरवर बसलं की मुलाला खिडकीतून बाहेर दिसतं, हाही त्याचा मोठा फायदा. जे मूल बाहेर बघू शकतं, ते बाहेर बघण्यासाठी पट्टा काढत नाही.

आता दुसऱ्या अर्ध्या कारणांकडे येते. ती आपल्याकडे आहेत, मोठ्यांकडे.

गेल्या मे महिन्यात शनिवारी सकाळी मोदी गणपतीजवळच्या बोळात एक कुटुंब कोकणात निघालेलं पाहिलं. गाडी चांगली, नवी. डिकीत बॅगा, आंब्याच्या रिकाम्या पेट्या, पाण्याचा कॅन, आणि या सगळ्याच्या वर उपडी घातलेली मुलाची कारसीट. मागे आजी, आई आणि तीन वर्षांचा मुलगा. आईनं दोन बाजूंनी बसा, मधे त्याची सीट लावते असं सुचवलं, तेव्हा आजी म्हणाल्या, "अगं राहू दे गं, घाटात त्याला मळमळतं, माझ्या मांडीवर झोपेल." वडिलांनी पुढे बसून स्वतःचा पट्टा लावला. मागे कोणीच लावला नाही. लावता आलाही नसता, कारण सीटकव्हर बसवताना मागची तिन्ही बक्कलं कव्हराखाली दडपून टाकलेली होती. मी जाऊन सांगितलं का? सांगितलं. आजींनी मनापासून ऐकलं. आईनं खटपट करून एक बक्कल वर ओढून काढलं. सीट मात्र डिकीतच राहिली, कारण बोळात मागे टेम्पो हॉर्न वाजवत होता.

त्या मुलाच्या बाजूनं बघा. पुढचे लोक पट्टा लावतात, कारण पोलीस आहे, आणि २०१९ च्या जुलैपासून पुढच्या सीटवर पट्टा नसला की नव्या गाडीत घंटी वाजते. मागच्यांना कोणी विचारत नाही. तेव्हा पट्टा ही पुढच्या लोकांची गोष्ट आहे, मागे बसणाऱ्यांना तो लागत नाही, हा धडा मूल रोज शिकतं. मग एखाद्या दिवशी त्याला एकट्यालाच बांधलं, तर ते सोडवणारच. त्याच्या हिशेबानं त्याला शिक्षा झालेली असते.

मागच्यांना लागत नाही, हा समज किती खोटा आहे हे महाराष्ट्रानं फार मोठी किंमत देऊन पाहिलं आहे. ३ जून २०१४ रोजी दिल्लीत गाडीच्या अपघातात केंद्रीय मंत्री गोपीनाथ मुंडे गेले. ते मागच्या सीटवर होते. तेव्हाचे आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन यांनी उघडपणे सांगितलं, की पट्टा असता तर कदाचित ते वाचले असते. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर गाडीच्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांच्यासोबतचे जहांगीर पंडोल गेले. दोघंही मागे बसले होते, आणि पोलिसांच्या तपासानुसार दोघांनीही पट्टा लावलेला नव्हता. पुढचे दोघं वाचले. गाडी जगातल्या उत्तम गाड्यांपैकी होती. त्यानंतर १ नोव्हेंबर २०२२ पासून मुंबई पोलिसांनी मागच्या प्रवाशांनाही पट्ट्याची सक्ती केली. काही आठवडे चर्चा झाली, आणि मग आपण विसरलो. रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालात पट्टा न लावल्यामुळे मेलेल्यांची संख्या १६,७१५ आहे. त्यांतले ८,३३१ चालक नव्हते, प्रवासी होते. हा आकडा वाचताना मला त्या बोळातली गाडी दिसते.

आणि घंटी वाजू नये म्हणून पट्ट्याच्या खाचेत अडकवायच्या खोट्या क्लिपा विकत मिळतात. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं पाच ऑनलाइन विक्रेत्यांविरुद्ध आदेश काढले आणि तेव्हा अशा १३,११८ जाहिराती त्यांच्या संकेतस्थळांवरून उतरवाव्या लागल्या. ज्या घरात वडील अशी क्लिप वापरतात, त्या घरातल्या मुलानं बक्कल उघडलं तर रागावायचा अधिकार वडिलांना उरत नाही. मी हे कठोरपणे म्हणते आहे, आणि मला ते तसंच म्हणायचं आहे.

परदेशातल्या आपल्या मराठी घरांतही हे दिसतं, आणि मला ते सगळ्यात जास्त लागतं. न्यू जर्सीत किंवा लंडनला जन्मलेलं मूल. इस्पितळातून घरी आलं तेच कारसीटमध्ये. तीन वर्षं त्यानं सीटशिवाय प्रवास केलेला नाही, त्याला दुसरं काही माहीतच नाही, त्यामुळे ते पट्ट्याशी भांडतही नाही. डिसेंबरात आजी-आजोबांना भेटायला मुंबईला उतरतं आणि मध्यरात्री पुण्याच्या टॅक्सीत आईच्या मांडीवर बसून द्रुतगती मार्गानं येतं. महिन्याभरानं परत गेल्यावर आई फोनवर सांगते, की हल्ली हा सारखा पट्टा काढतो, काय झालंय कळत नाही. झालेलं असतं ते एवढंच, की नियम मोडता येतो हे त्याला आजोळी कळलं.

"पेठेत काय वेग असतो हो, पंधरा-वीस?" असं मला नेहमी विचारतात. खरं आहे. केळकर रस्त्यावर संध्याकाळी गाडी चालतच नाही. अलका टॉकीजच्या चौकापर्यंत जायला चालत कमी वेळ लागतो. इथे पट्टा नसल्यानं मोठा अपघात होण्याची शक्यता कमी आहे, हे मी मान्य करते. पण सवय इथे लागते. मुलाला पेठेतला रस्ता आणि द्रुतगती मार्ग यांतला फरक कळत नाही. त्याला गाडी कळते. जी गोष्ट पत्र्या मारुतीपासून डेक्कनपर्यंत चालते, ती खंडाळ्याच्या घाटातही चालणार असं ते धरून चालतं, आणि त्याचं काही चुकत नाही. म्हणून दोन मिनिटांच्या अंतरालाच पट्टा लावायचा असतो. तिथे त्यानं काढला तर थांबायला जागा आहे, वेळ आहे, जीव धोक्यात नाही. शिकवायचं ते इथेच.

आता प्रत्यक्ष काढला तर काय करायचं, याबद्दल. एक गोष्ट कधीही करू नका. गाडी चालवणाऱ्यानं मान वळवून मागे हात घालू नये. ताशी शंभरच्या वेगानं दोन सेकंदांत गाडी पंचावन्न मीटर जाते. तेवढ्या वेळात रस्ता कोणी बघत नसतो. आवाज चढवूनही उपयोग नाही. मुलाला बटण दाबल्याबरोबर सगळी गाडी आपल्याकडे वळलेली दिसते, आणि मग तो खेळ होतो. शांतपणे एकदा सांगायचं, "पट्टा निघाला, गाडी थांबेल." मग खरंच सुरक्षित जागा बघून थांबवायची. गाणी बंद, खाऊ बंद, गप्पा बंद. उतरून पट्टा लावायचा, रागवायचं नाही, आणि निघायचं. पुन्हा काढला तर पुन्हा थांबायचं. पहिल्या आठवड्यात शाळेला उशीर होईल. होऊ द्या. कारण मुलाला एकदा जरी पट्टा नसताना गाडी पुढे गेलेली दिसली, की आधीचं सगळं वाया जातं. द्रुतगती मार्गावर मात्र कडेच्या पट्टीवर थांबू नका. ती बंद पडलेल्या गाड्यांसाठी आहे आणि तिथे उभ्या गाडीवर मागून ट्रक आदळतात. तिथे वेग कमी करून डाव्या मार्गिकेत यायचं आणि पुढचा फूड मॉल, टोलनाका किंवा बाहेर पडण्याचा रस्ता गाठायचा. लांबच्या प्रवासात म्हणूनच एक मोठं माणूस मुलाच्या शेजारी मागे बसावं, स्वतःचा पट्टा लावून, आणि एक हात बक्कलाजवळ ठेवून. दर तासा-दीड तासानं मुलाला खाली उतरवून पळू द्यावं. आपल्याला चहा लागतो, त्याला पळणं लागतं. दाराची चाइल्ड लॉकची खिटीही लावून ठेवावी. पट्टा सोडणारा हात पुढे दाराच्या कडीकडे जातो.

आणि शिकवताना बाईंची चौकट आठवा. मुलाच्या हाताला काम हवं असतं. पट्टा लावायचं काम त्याला द्या. तो 'खट्' आवाज त्यानं करायचा, ऐकायचा आणि सगळ्यांचे पट्टे लागले का ते विचारायचं. आजोबांचा राहिला असेल तर त्यानं आजोबांना सांगायचं, आणि आजोबांनी निमूटपणे लावायचा. लावणं त्याचं, काढणं मोठ्यांचं, तेही गाडी पूर्ण थांबल्यावर. हा वाटणीचा नियम तीन वर्षांच्या मुलाला चांगला समजतो. ज्याला पहारेकरी केलं, ते मूल सहसा स्वतः पट्टा काढत नाही. पुठ्ठ्याच्या डब्याला जुनं बक्कल लावून त्याला घरी खेळायला द्यावं, असंही काही पालक करतात. मला ते पटतं. उघडण्याची हौस घरी फिटते.

बाजारात बक्कलावर बसवायची प्लास्टिकची कुलपं मिळतात. बटणावर टोपण बसतं आणि ते किल्लीनं किंवा काडीनंच दाबता येतं. पालक थकलेले असतात, तीन-चारशे रुपयांत प्रश्न मिटेल असं वाटतं. माझं मत या वस्तूंच्या विरुद्ध आहे. बक्कल एकाच दाबात उघडावं आणि बटण लाल असावं, हे नियम अपघातानंतरच्या क्षणांसाठी केलेले आहेत. तेव्हा मुलाला बाहेर काढणारे हात आईचे नसतात. ढाब्यावरच्या पोऱ्याचे असतात, ट्रकचालकाचे असतात, १०८ च्या रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरचे असतात. गाडीतून धूर येत असतो, ती कालव्यात कललेली असते, अंधार असतो. त्या माणसाला लाल बटण दिसलं पाहिजे. तिथे कुलूप असेल आणि किल्ली बेशुद्ध पडलेल्या बापाच्या खिशात असेल, तर आपणच आपल्या मुलाला कोंडलेलं आहे. शिवाय कारसीट बनवणाऱ्यांनी अशी जोडवस्तू लावून सीटची चाचणी घेतलेली नसते. एक अपवाद मी मनापासून मानते. स्वमग्न किंवा विकासाच्या इतर अडचणी असलेली काही मुलं आहेत, ज्यांना थांबण्याचा नियम कळतच नाही, आणि ज्यांच्या आईवडिलांनी सगळं करून पाहिलेलं असतं. त्यांनी आपल्या डॉक्टरांच्या आणि ऑक्युपेशनल थेरपिस्टच्या सल्ल्यानं असं साधन जरूर वापरावं. फक्त मग पट्टा कापायचं छोटं पातं चालकाच्या हाताशी ठेवावं आणि मागच्या काचेवर ठळक मराठीत लिहावं, की या मुलाच्या बक्कलाला कुलूप आहे. या पालकांना कोणी नावं ठेवू नयेत. त्यांचा प्रवास आपल्यापेक्षा फार अवघड आहे.

कायद्याचं थोडक्यात सांगते. २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात आलेलं कलम १९४ ब असं म्हणतं, की चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्यानं किंवा बालआसनानं सुरक्षित केलेलं नसेल तर चालवणाऱ्याला एक हजार रुपये दंड. मूल पट्टा काढेल, पण दंड चालकाला, आणि ते योग्यच आहे. दुचाकीवर नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला चालकाशी बांधणारा पट्टा आणि हेल्मेट लागतं, वेग ताशी चाळीसच्या आत, हा नियम १५ फेब्रुवारी २०२३ पासून आहे. पुण्यात स्कूटरवर पुढे उभी राहिलेली मुलं रोज हजारोंनी दिसतात, त्यांच्याबद्दल स्वतंत्र व्याख्यान द्यावं लागेल. दंडाच्या पावतीनं ही सवय बदलेल असं मला वाटत नाही. सवय घरात लागते, आणि आपल्याकडे घरात शेवटचा शब्द बहुधा आजी-आजोबांचा असतो.

म्हणून ही विनंती समोर बसलेल्या आजी-आजोबांना आहे. सून किंवा मुलगी नातवाला सीटमध्ये बांधत असेल आणि तो रडत असेल, तर त्या वेळी "राहू दे" म्हणू नका. दोन मिनिटं त्याला रडू द्या, तुम्ही त्याच्याशी बोला, गाणं म्हणा, पण मांडी पुढे करू नका. आणि आज घरी गेल्यावर गाडीची मागची दारं उघडून सीटकव्हराखाली हात घाला. दडपलेली बक्कलं वर काढा, कव्हराला कापून भोकं पाडावी लागली तर पाडा, आणि उद्या मंडईत जाताना मागे बसून आधी स्वतःचा पट्टा लावा. नातू बघत असेल.